जखम आणि कापड यांच्या मधले पान

भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना रुग्णाला ज्या वेदना होतात, त्यांचा बराचसा दोष कापडाकडे जातो. त्वचेचा वरचा पापुद्रा गेला की उघड्या पडलेल्या भागातून लस झिरपू लागते, ती सुती गॉजच्या विणीत शिरून तेथेच वाळते, आणि जखमेच्या तळातून वर येऊ पाहणाऱ्या कोवळ्या पेशीही त्याच विणीत गुंततात. पुढे पट्टी सोडवताना वाळलेली लस आणि नवी त्वचा एकदमच उपटून निघतात, रक्त येते, आणि दोन-तीन दिवसांत जखमेने जे कमावले ते पाच मिनिटांत गमावले जाते. म्हणून सुघटन शल्यचिकित्सेत, म्हणजे ज्या शाखेला बोलीभाषेत प्लास्टिक सर्जरी म्हणतात तिच्यात, जखमेवर कोणते औषध लावावे या प्रश्नाइतकाच जखम आणि कापड यांच्या मध्ये काय ठेवावे हाही प्रश्न जुना आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी या प्रश्नाला केळीच्या पानाने उत्तर दिले आणि त्यावरील दोन अभ्यास २००३ साली ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या पानाची कुळी शोधू गेल्यास ती सुश्रुतसंहिता, पहिल्या महायुद्धातील फ्रान्स, परळ आणि सोलापूर अशा एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या ठिकाणी जाऊन पोचते.

सुश्रुतसंहितेचे नाव शल्यशास्त्रात निघते ते बहुधा कापलेले नाक जोडण्याच्या कृतीसाठी; तिच्यातील भाजण्याचे प्रकरण त्यामानाने उपेक्षित राहिले आहे. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात दाहाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार खोलीच्या क्रमाने दिले असून, अतिदग्ध जखमेतील सुटलेले मांस काढून टाकल्यावर, शीतोपचार आणि लेप झाल्यानंतर ती गुळवेलीच्या किंवा पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांनी झाकावी असे सांगितले आहे. याहून नेमके विवेचन चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात आहे. तेथे व्रणाच्या साठ उपक्रमांत ‘पत्रदान’ हा एक स्वतंत्र उपचार म्हणून गणला आहे (येथे दान म्हणजे देणे नव्हे, तर लावणे किंवा ठेवणे), आणि पाने कशी असावीत हेही नोंदवले आहे: खरखरीत नसलेली, फाटलेली नसलेली, जून न झालेली, किडीने न खाल्लेली, मऊ. त्यामागचे कारण तर आजच्या वॉर्डातही जसेच्या तसे सांगता येईल असे आहे. लेपावर थेट कापड बांधले तर ते त्यातील स्नेह आणि औषधाचा अर्क शोषून घेते; मध्ये पान ठेवले की कापडाला तो शोषता येत नाही. कापड हे झाकणही आहे आणि चोरही आहे, ही गोष्ट त्या ग्रंथकाराच्या ध्यानात आली होती.

मात्र येथून शीवच्या रुग्णालयापर्यंत अखंड परंपरा चालत आली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अशा विषयांवरील मराठी लेखनात सुश्रुतापासून थेट वर्तमानात उडी मारण्याची सवय आहे आणि तिने मधल्या काळातील खऱ्या कामाची किंमत कमी होते. या दोहोंमध्ये जे नाते आहे ते वारशाचे नसून अडचणीच्या सारखेपणाचे आहे.

आधुनिक काळातले पहिले टिकाऊ उत्तर युद्धाने पुढे आणले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लिआँ येथे ऑग्युस्त ल्युमिएर यांनी विरळ विणीच्या जाळीदार कापडाला पॅराफिनसारख्या स्निग्ध द्रव्यात भिजवून जखमेला न चिकटणारी पट्टी तयार केली. हे ल्युमिएर म्हणजे ज्या भावांच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला त्यांपैकी थोरले. मुंबईने त्यांचा सिनेमा लक्षात ठेवला, पण त्यांच्या पट्टीने या शहराची अधिक काळ सेवा केली आहे, याची जाणीव फारशी कोणाला नाही. रुग्णालयांत ‘व्हॅसलिन गॉज’ या नावाने जी स्निग्ध जाळी वापरात आली ती याच कुळातली, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी प्रतिजैविकयुक्त सोफ्राट्यूल हीसुद्धा तिचीच धाकटी बहीण. मात्र स्निग्धांश सुकला किंवा वरच्या कापडाने शोषला की जाळीची छिद्रे उघडी पडतात, त्यांतून नवी त्वचा वर येते, आणि मूळ दुखणे परत सुरू होते.

पुढचे पाऊल १९६२ साली पडले. इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग करून दाखवले की पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेली जखम, हवेत उघडी राहून खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने भरते. याचे कारण समजण्यासाठी त्वचेची रचना थोडी पाहावी लागते. त्वचेचे दोन थर असतात, वरची पातळ बाह्यत्वचा आणि तिच्याखालची जाड अंतस्त्वचा. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी या अंतस्त्वचेत खोलवर रुजलेल्या असून त्यांच्या भिंती बाह्यत्वचेच्याच पेशींच्या असतात. भाजणे अर्धवट खोलीचे असेल तर ही मुळे जिवंत राहतात आणि त्यांतून पेशी बाहेर पडून जखमेच्या पृष्ठभागावर पसरत जातात. जागा ओली असेल तर त्यांना सरळ सरकता येते, खपली असेल तर तिच्याखालून वाट काढावी लागते. अशा जखमेला औषधापेक्षाही छप्पर हवे असते: ओल धरणारे, पण तळाला न चिकटणारे.

श्रीमंत देशांत हे छप्पर कारखान्यांनी पुरवले. मुंबईत त्याचा हिशेब जुळत नव्हता. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण पावणेदोन चौरस मीटर धरले तर ३० टक्के भाजलेल्या रुग्णाला प्रत्येक वेळी अर्ध्या चौरस मीटरहून अधिक आच्छादन लागते, आणि ते पुन्हा पुन्हा बदलावे लागते. एका खोलीच्या घरात जमिनीवर ठेवलेला रॉकेलचा स्टोव्ह, भोवती नायलॉनची साडी आणि पेटल्यावर बाहेर पळायला नसलेली जागा, या तिन्हींच्या संगमातून जळीत विभागात जे रुग्ण येत, त्यांच्यासाठी आयात केलेला पापुद्रा हा पर्याय केवळ पुस्तकातला होता.

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी यावर जो उपाय शोधला त्याचे मूळ स्वयंपाकघरात होते. बटाटे उकडून त्यांच्या साली काढायच्या, त्या गॉजच्या पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवायच्या, आणि ती पट्टी दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून जखमेवर बांधायची. या पद्धतीचा प्राथमिक वृत्तान्त त्यांनी ए. आर. पाटील यांच्यासह १९८५ मध्ये ‘बर्न्स’मध्ये छापला. बटाट्याची साल हे वनस्पतीचे बूच असते, म्हणजे तिच्या पेशींच्या भिंतींत पाणी अडवणारे मेणासारखे द्रव्य असते, आणि जमिनीखाली कंदाचा ओलावा राखण्याचे तिचे काम ती जखमेवरही तितक्याच इमानाने करते. पोर्तुगीजांमार्फत नव्या जगातून येथे आलेल्या आणि मराठीने ‘बटाटा’ या पोर्तुगीज नावानिशीच स्वीकारलेल्या कंदाला असे दुसरे आयुष्य मिळाले, तेही मुलांच्या वॉर्डात, जेथे पट्टी बदलण्याची वेळ सर्वांत कठीण असते.

साल छप्पर होती, औषध नव्हती. जंतू मारण्याचा गुण तिच्यात नव्हता. हीच उणीव पुढे सोलापूरच्या अभ्यासांनी ठळक केली. तेथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली, तीत निम्म्यांना मधाची पट्टी आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे जगभर रूढ असलेले मलम दिले होते. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या, मलमाच्या गटात अवघ्या ७ टक्के. पुढे १९९६ मध्ये त्यांनी मध आणि बटाट्याची साल यांनाच समोरासमोर उभे केले आणि जखम भरण्याचा सरासरी काळ मधाखाली दहा दिवसांच्या, तर सालीखाली सोळा दिवसांच्या आसपास आढळला. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि म्हणूनच जपून वाचावे लागतात, कारण एकाच केंद्रातून आलेल्या अशा निष्कर्षांना इतरांच्या पडताळणीची जोड लागते. कॉक्रेन या संस्थेने २०१५ च्या आढाव्यात अर्धवट खोलीच्या भाजण्यात पारंपरिक पट्ट्यांपेक्षा मधाने जखम चार-पाच दिवस लवकर भरते असे मान्य केले.

केळीचे पान या वंशात येते ते याच टप्प्यावर. भाजलेल्या किंवा अंगावर फोड उठून सालपट निघालेल्या रुग्णाला केळीच्या पानावर निजवण्याची रीत या देशात घरोघरी माहीत होती आणि त्वचारोगाच्या विभागांतही ती चालत आलेली होती. कोकणच्या स्वयंपाकात तर पानाचा हा गुण रोज सिद्ध होतो, कारण पानगी करताना तांदळाच्या पिठाचे ओले मिश्रण आणि तापलेला तवा यांच्या मध्ये केळीचे पानच असते, आणि शिजल्यावर ते जरासुद्धा न चिकटता सुटून येते. रीत जुनी असली तरी पट्टी नवी होती. डॉ. माधुरी गोरे आणि त्यांचे सहकारी अकोलेकर यांनी पान धुऊन, गॉजच्या पट्टीवर चिकटवून, वाफेने निर्जंतुक करून त्याला मोजता येण्याजोगी आणि पुन्हा पुन्हा तशीच करता येण्याजोगी वस्तू बनवले, आणि मग दोन प्रश्न विचारले.

त्यांपैकी एक प्रश्न दात्या जागेचा होता. खोल जखमेवर त्वचारोपण करताना रुग्णाच्याच मांडीवरून त्वचेचा पातळ पदर कापून घेतात. ती जागा म्हणजे शल्यचिकित्सकाने हाताने केलेली अर्धवट खोलीची जखमच असते, आणि पुष्कळ रुग्णांना ती मूळ जखमेपेक्षा जास्त ठणकते. येथे पानाची तुलना व्हॅसलिनच्या जाळीशी केली आणि पट्टी काढतानाचा त्रास पानाखाली स्पष्टपणे कमी निघाला. दुसऱ्या अभ्यासात अर्धवट खोलीच्या भाजण्यावर पान आणि बटाट्याची साल यांची जोडी लावली. जखम भरण्यात दोन्ही तोडीस तोड ठरली, पण तयार करायला पान सोपे आणि स्वस्त निघाले. ते का, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. हातभर पट्टी भरायला किती बटाटे सोलावे लागतील याचा अंदाज घेतला आणि केळीचे एक पान दीड-दोन मीटर लांब असू शकते हे आठवले की पुरे. शिवाय वसई-विरारच्या वाड्यांतली पाने दादरच्या बाजारात बारमाही येतात, बटाट्यासारखी त्यांची उकड-सोल करावी लागत नाही.

हे काम जेथे झाले त्या जागेचे नावही लक्षात घेण्यासारखे आहे. शीव म्हणजे सीमा; जुन्या मुंबई बेटाची हद्द येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. १९४७ साली लष्कराच्या जुन्या बराकींत पन्नास खाटांनिशी सुरू झालेले हे रुग्णालय त्या हद्दीवर असल्यामुळे एका बाजूला धारावी आणि दुसऱ्या बाजूला कुर्ला, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतची पूर्व उपनगरे असा त्याचा पसारा झाला. स्वस्त पट्टीची गरज येथे जितकी होती तितकी क्वचितच कोठे असेल. तरीही पानाची पट्टी सर्वत्र रूढ झाली असे म्हणता येत नाही. तिच्यावर कोणाचे स्वामित्व नाही, त्यामुळे तिचा प्रचार करण्यात कोणाचा फायदा नाही, आणि ती दुकानातून मागवता येत नसल्याने रोज कोणाला तरी बसून करावी लागते.

पानाची मर्यादा खोलीची आहे. अतिदग्ध जखमेत केसांची मुळेही जळून गेलेली असतात, तेथे पसरायला पेशीच उरत नाहीत, आणि रुग्णाच्या अंगावर घेण्याजोगी त्वचाही पुरेशी शिल्लक नसते. यासाठी शीवच्याच रुग्णालयात डॉ. गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही तशी पेढी उभी राहिली. अशा पेढीत साठवलेली मृत दात्याची त्वचा रुग्णाच्या शरीरावर कायमची रुजत नाही. काही आठवड्यांत शरीर ती झिडकारते. पण तेवढा काळ ती ओल धरते, जंतूंना बाहेर ठेवते आणि वेदना कमी करते, म्हणजे पानाचेच काम पानाहून चांगले करते. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये चार अंश सेल्सिअसला ती पाच वर्षांपर्यंत टिकते, आणि रक्तगट जुळण्याची अट तिला नसते.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कुटुंबाने कळवले तर पेढीचे पथक घरी येऊन मांड्या, पाय आणि पाठ येथील त्वचेचा अगदी पातळ पदर विशिष्ट यंत्राने काढून घेते. रक्तस्राव होत नाही, चेहरा आणि हात तसेच राहतात. काम झाल्यावर त्या जागांवर साधी कापडी पट्टी बांधतात. ती पुढे कधी सोडवायची नसते, म्हणून तिच्याखाली काही ठेवावे लागत नाही.