अपस्फीत नीला : लक्षणज्ञानाचा इतिहास
पायाच्या त्वचेखालील नीला (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या) फुगून नागमोडी झाल्या म्हणजे त्यांना ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. विकार उघड दिसणारा. अथेन्स येथे सापडलेल्या, इ. स. पू. चौथ्या शतकातील नवसाच्या शिल्पातही अशी नीला ठळक कोरलेली आहे. तिचा अर्थ मात्र फार उशिरा लागला. इटलीतील पाद्युआ येथील फाब्रिशियस यांनी १६०३ मध्ये नीलांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्या पायाकडे जाणाऱ्या रक्ताचा ओघ आवरतात, असा त्यांचा समज होता. झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, हे त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये दाखविले. त्याचा उपयोग रोग ओळखण्याकडे ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शस्त्रक्रियातज्ञांनी १८९० च्या सुमारास केला. निजलेल्या रुग्णाचा पाय उचलून नीला रिकाम्या करावयाच्या, मांडीशी दाब देऊन त्याला उभे करावयाचे व दाब सोडावयाचा; नीला वरून एकदम भरल्यास झडपा निकामी समजाव्यात. केवळ फुगवट्यावरून रोगाचे गांभीर्य ठरविणे चुकीचे होय. दिवसअखेर पाय जड होणे, घोट्याशी सूज, पाय उंच ठेवल्यास आराम ही लक्षणे असतातच. पण घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडणे ही व्रणाची पूर्वसूचना असू शकते. रक्ताचा उलटा प्रवाह आता श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या तपासणीने प्रत्यक्ष पाहता येतो.