एक आवाज, अनेक आवाज : नागर अद्भुतकादंबरीचे श्राव्य रूपांतर आणि मराठी श्रवणपरंपरा

कादंबरी एकाने वाचून दाखविणे आणि तिची पात्रे अनेक नटांना वाटून देऊन तिचे श्राव्य रूपांतर करणे, या दोन क्रिया वरवर एकाच जातीच्या वाटल्या तरी त्यांच्यात मूलभूत भेद आहे. पहिल्या क्रियेत निवेदकाची सत्ता अबाधित राहते. दुसरीत ती पात्रांमध्ये विभागली जाते. ओळखीच्या शहरात अद्भुताचा शिरकाव दाखविणाऱ्या नागर अद्भुतकादंबरीच्या बाबतीत हा भेद केवळ सादरीकरणाचा राहत नाही. कलाकृतीच्या अर्थालाच तो हात घालतो. मराठीत या भेदाला नभोवाणीइतका जुना इतिहास आहे आणि आजच्या श्राव्य पुस्तकांचा विचार त्या इतिहासाच्या संदर्भातच करावा लागतो.

या प्रकाराचे बहुचर्चित इंग्रजी उदाहरण म्हणजे नील गेमन यांची ‘नेव्हरव्हेअर’ ही कादंबरी. १९९६ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या जोडीने ती प्रसिद्ध झाली आणि २०१३ मध्ये डर्क मॅग्ज यांनी तिचे बहुपात्री नभोनाट्य केले. लंडनच्या भुयारी रेल्वेची स्थानकनामे शब्दशः घेतली तर काय होईल, या कल्पनेवर तिची रचना उभी आहे. ‘नाइट्सब्रिज’ या नावातील ‘नाइट’ सरदाराचा की रात्रीचा, हे छापील पानावर वर्णलेखन ठरवून टाकते. कानाला मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. श्लेषाचे क्षेत्र मुळात कानाचे असल्याने रूपांतर येथे मूळ संहितेच्या पुढे एक पाऊल टाकते.

असे शहर मराठीला परके नाही. पुण्याच्या जुन्या पेठांत मुंजाबाचा बोळ आहे, खुन्या मुरलीधर आहे. मुंज होऊन लग्नापूर्वी वारलेला मुलगा पिंपळावर वास करतो, ही लोकसमजूत वाड्याच्या परसात आणि महानगरपालिकेच्या हद्दीत सुखाने नांदत आली आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मध्यमवर्गीय घर, भाड्याची खोली, रोजची नोकरी या चौकटीत अमानवी शक्तींना आणले. त्यांच्या एका कादंबरीचे ‘४४० चंदनवाडी’ हे शीर्षकच टपालाच्या पत्त्यासारखे आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेनेही शहरी संसारातील विश्वासाची जमीन हळूहळू पोखरली. तेव्हा प्रश्न मराठीत अशी सामग्री आहे की नाही हा नसून, ती ऐकविण्याची रीत कोणती, हा आहे.

मराठी श्रोत्याला परंपरेने मिळालेली रीत एका आवाजाची होती. आख्यान लावणारा कीर्तनकार राजा, राणी, राक्षस आणि भक्त यांची भाषणे एकाच कंठातून उभी करतो. मधूनच थांबून स्वतःचे भाष्य करतो. श्रोत्याला सोंग आणि सोंग घेणारा असे दोघेही एकाच वेळी जाणवत राहतात. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढे श्रुतिका या नव्या प्रकाराने ही एकसंधता मोडली. प्रत्येक पात्राला स्वतंत्र नट मिळाला. निवेदन आखडले. स्थळकाळाचे वर्णन दाराची करकर, पावले, पाऊस अशा ध्वनींकडे गेले. मतकरींच्या नाट्यलेखनाचा आरंभ याच माध्यमातून झाला, हे लक्षणीय आहे. त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते अवघ्या सोळा-सतरा वर्षांचे होते.

त्याच वर्षी पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त या दोन रीतींची तुलना जणू प्रयोगासारखी पाहता येते. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते मूळ प्रसारणात सुधीर फडके, माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके अशा अनेक गायकांनी गायिली. पुढे फडके यांनी हीच गीते जाहीर कार्यक्रमांत एकट्याने गायिली आणि या एकहाती रूपालाही अफाट लोकप्रियता लाभली. पहिल्या रूपात श्रोता पात्रांना भेटतो. दुसऱ्यात पात्रांची कथा सांगणाऱ्याला भेटतो. रामकथा सर्वांना ठाऊक असल्याने या बदलामुळे कथेच्या सत्यतेला धक्का लागत नाही. अद्भुतकथेला ही सोय नाही.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये विलक्षण साहित्याचे मर्म संदिग्धतेत पाहिले. घडले ते अलौकिक की भ्रम, याचा निर्णय जोवर लांबतो, तोवरच ते विलक्षण टिकते. मराठीत ही संदिग्धता पेलण्याचे काम निवेदकाचे व्याकरण करते. ‘जिन्यात कोणी उभे असावे’, ‘पूर्वी इथे एक बाई राहत होती म्हणे’, ‘हाक आल्यासारखी वाटली’ अशा वाक्यांतील ‘असावे’, ‘म्हणे’ आणि ‘सारखी’ ही अद्भुताची खरी उंबरठ्यावरची पदे होत. ‘म्हणे’ या एका शब्दात ऐकीव माहिती, अंतर आणि किंचित अविश्वास एकवटलेला असतो. बहुपात्री रूपांतरात ही वाक्ये बोलणारा कोणी उरत नाही. जिन्यात उभे असणाऱ्याला नट मिळतो, श्वास मिळतो, ध्वनिक्षेपकापासूनचे मोजलेले अंतर मिळते. जे ‘असावे’ होते ते ‘आहे’ होते.

यातूनच दुसरी अडचण उद्भवते. छापील संवादात भुताची मराठी कोणती, हे उघडे ठेवता येते. ध्वनीत तसे करता येत नाही. नटाने तोंड उघडताच प्रदेश, वय, शिक्षण आणि कित्येकदा जातही ऐकू येते. सदाशिव पेठी उच्चारात बोलणारा ब्रह्मराक्षस आणि मालवणी हेल काढणारा देवचार हे श्रोत्याच्या मनातील सामाजिक उतरंडीसकटच अवतरतात. कोणत्या बोलीला भय वाटायला लावायचे आणि कोणत्या बोलीला भय दाखवायचे, हा निर्णय रूपांतरकाराला टाळता येत नाही. मूळ लेखकाने तो घेतलेला असेलच असे नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आले आणि मराठी श्राव्य पुस्तकांचा नवा काळ सुरू झाला. त्यातील वाचन बव्हंशी एका आवाजाचे आहे. म्हणजे तंत्रज्ञानाने पुढे जाताना रीतीने कीर्तनकाराकडे वळण घेतले. शिवाय श्रोत्यांचा भूगोलही बदलला. मध्यम लहरींवरील मराठी कार्यक्रम मुख्यतः केंद्राच्या परिसरासाठी असत. जयपूरचे आकाशवाणी केंद्रही १९५५ मध्येच सुरू झाले. परंतु लोकमान्यांची आठवण करून देणारे नाव धारण करणाऱ्या तेथील तिलक नगरसारख्या वसाहतीतील मराठी कुटुंबाला मुंबई-पुण्याची श्रुतिका रोजच्या सवयीने ऐकणे शक्य नव्हते. आज ते शक्य आहे. मात्र ज्याच्या कानांवर दिवसभर हिंदी आणि ढूंढाडी पडते, त्याला गिरगावातील चाळीचा जिना हीच आधी एक दूरची नगरी असते. नागर अद्भुतकथा ज्या परिचित शहराला तडा देते, ते शहर त्याच्यासाठी आधी उभे करावे लागते. केवळ ध्वनिसंकेतांनी ते उभे राहत नाही. जिन्यातील पावलांचा आवाज चाळीचा की हवेलीचा, हे कोणीतरी सांगावे लागते.

म्हणून बहुपात्री रूपांतरात निवेदकाची गच्छंती हा प्रगतीचा अटळ टप्पा मानता येत नाही. संशय जपणे आणि दूरच्या श्रोत्याला स्थळ दाखविणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडेच आहेत. श्रुतिकेने मराठीला पात्रांचे स्वतंत्र कंठ दिले आणि कीर्तनाने सांगणाऱ्याची जाग शिकविली. मराठी अद्भुतकादंबरीचे उद्याचे श्राव्य रूप या दोहोंपैकी एकाची निवड करील, तर ते दुसऱ्याला मुकेल. अनेक आवाजांच्या मध्ये ‘म्हणे’ म्हणणारा एक आवाज शिल्लक ठेवणे, हीच त्याची खरी कसोटी आहे.