कंगोऱ्यांची वाकळ

वाकळेची किनार दोन तऱ्हेची. एक सरळ, दुसरी कंगोऱ्यांची. आमच्या पाटण खोऱ्यात सरळ किनार घरोघर दिसायची. जुन्या लुगड्याचा काठ फाडून घ्यायचा आणि चारी बाजूंनी धावदोऱ्यानं शिवायचा. काठ मुळातच घट्ट विणीचा, त्यामुळं वर्षानुवर्षं टिकायचा.

कंगोऱ्यांचं काम निराळं. आजी कडेला वाटी पालथी घालून कोळशानं अर्धगोल आखायची. अशा वळणावर सरळ पट्टी लावली की चुण्या पडतात. तिथं उरेब पट्टीच पाहिजे, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याला तिरकी कापलेली. ती ताणते, वळणाबरोबर वळते. दोन कंगोऱ्यांमधल्या खाचेत कात्रीचं टोक बेतानं लावायचं. पण तिरकं कापताना कोपऱ्यांचं कापड वाया जातं, आणि विरलेलं लुगडं तिरकं ताणलं की फाटतं. आजी म्हणायची, "उरेबाला कोरं कापड लागतं बाई, चिंधीचं काम न्हाय ते."

म्हणून आमच्या घरातल्या वाकळांचा काळ किनारीवरून ओळखता येतो. १९४३ साली सरकारनं सुती कापडावर नियंत्रण आणलं. त्या कंट्रोलच्या दिवसांतल्या वाकळा सगळ्या सरळ काठाच्या. पुढं घरचे गडी मुंबईच्या गिरण्यांत लागले. शिमग्याला गावी येताना तात्या, म्हणजे माझे चुलते, कोरं कापड आणायचे. थोरल्या आत्यांना सासरी जाताना मिळालेल्या वाकळांना चारी बाजूंनी कंगोरे आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तात्या वळकटी घेऊन गावी आले, ते परत गेलेच नाहीत. धाकट्या आत्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात होतं. ट्रंकेत उरलेल्या कापडावर आजीनं वाकळ शिवायला घेतली. तीन बाजूंना कंगोरे झाले आणि कापड संपलं. चौथ्या बाजूला तिनं आपल्या लुगड्याचा काठ लावला. कंगोरे उसवून चारी बाजू सारख्या कराव्यात, असं आईनं सुचवलं. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हुतं तेवढं तरी दिसू दे."

आत्या ती वाकळ अजून पांघरते. कंगोरे पायाकडं ठेवते आणि सरळ बाजू गळ्याशी ओढून घेते.