लेन्स नाही, आरसा नाही! मग फर्मी टेलिस्कोप गॅमा किरण पकडतो कसा?

टेलिस्कोप म्हटलं की मोठी लेन्स किंवा आरसा डोळ्यासमोर येतो. माझंही तसंच होतं. एका रविवारी नासाच्या फर्मी टेलिस्कोपचा डेटा उघडून बसलो, तेव्हा कळलं की यात दोन्हीही नाही. चला, समजून घेऊ.

गॅमा किरण म्हणजे काय?

मोबाईलच्या रेडिओ लहरी, दिसणारा प्रकाश आणि गॅमा किरण ही एकाच कुटुंबातली मंडळी. फरक ऊर्जेचा. दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण २ ते ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. फर्मीचं मुख्य उपकरण २ कोटींपासून ३०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही पुढचे कण टिपतं. असे किरण आरशावरून परततच नाहीत, आरपार जातात. शिवाय वातावरण त्यांना जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून ११ जून २००८ रोजी फर्मी अवकाशात पाठवला गेला.

पकडतो कसा?

आत टंगस्टनचे पातळ थर आहेत. गॅमा किरण त्यावर आदळला की त्याचे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन बनतात. सिलिकॉनच्या पट्ट्या त्यांचा मार्ग टिपतात, त्यावरून दिशा कळते. खालचे सीझियम आयोडाइडचे स्फटिक ऊर्जा मोजतात.

खरी डोकेदुखी : स्पॅम

गॅमा किरणांपेक्षा हजारो पटींनी जास्त विद्युतभारित वैश्विक कण फर्मीवर आदळतात. त्यासाठी बाहेरून खास प्लास्टिकचं आवरण आहे. भारित कण त्यातून गेला की चमक उठते आणि ती नोंद बाद होते. गॅमा किरणावर भार नसतो, तो गुपचूप आत शिरतो.

पण फिल्टर जास्त कडक झाला तर? १९९१ साली गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट उपकरणाचं हेच झालं. त्याचं आवरण सलग होतं. जोरदार गॅमा किरण आत आदळला की काही कण उलटे उसळून आवरणाला लागायचे, आणि खरा किरणच बाद व्हायचा! म्हणजे बँकेचा ओटीपी स्पॅममध्ये गेल्यासारखं. फर्मीत म्हणून आवरणाच्या ८९ वेगळ्या फरशा केल्या. किरणाच्या वाटेवरची फरशी चमकली तरच संशय घ्यायचा, लांबची चमकली तर सोडून द्यायचं. रोज कोड लिहिणाऱ्या मला हा उपाय फार आवडला.

याचा उपयोग काय झाला?

२०१० मध्ये डग फिंकबाइनर आणि सहकाऱ्यांनी फर्मीच्या डेटातून आकाशगंगेचं गॅमा धुकं वजा केलं. खाली उरले दोन प्रचंड फुगे, आकाशगंगेच्या केंद्राच्या वर आणि खाली, प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षं पसरलेले. आज त्यांना फर्मी बबल्स म्हणतात.

हा डेटा सगळ्यांसाठी मोफत आहे. पायथन येत असेल तर तुम्हीही उघडून बघा. फक्त काहीही डिलीट करण्याआधी एग्रेट आठवा.