रंगीत सांडपाणी आणि जांभळे जीवाणू

बंगळुरूच्या जुन्या पेठेतील चिकपेट हा भाग रेशमी साड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. वस्त्रोद्योगातील कृत्रिम रंगांमध्ये ॲझो गटाचा वाटा सर्वात मोठा असून, रंगकामानंतर उरलेला त्यांचा अंश सांडपाण्यात जातो. शहराच्या पश्चिम भागातील घरगुती व औद्योगिक सांडपाणी वाहून नेणारी वृषभावती नदी अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. त्यामुळे हे प्रदूषण एका शहरापुरते राहत नाही.

अशा पाण्याच्या शुद्धीकरणासाठी प्रकाशसंश्लेषक जीवाणूंचा अभ्यास झाला आहे. तळ्यांत व चिखलात आढळणारा 'रोडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस' हा जांभळा जीवाणू सूर्यप्रकाशातून ऊर्जा घेतो. वनस्पतींप्रमाणे प्राणवायू मात्र सोडत नाही. प्राणवायू नसलेल्या पाण्यात तो बेंझोएटसारख्या संयुगांचे चिवट कार्बनी वलय उघडतो. ऊर्जा प्रकाशातून मिळत असल्याने त्यातील कार्बन त्याला स्वतःच्या वाढीसाठी वापरता येतो. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रंगांच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विसंबून चालत नाही. ॲझो बंध तुटताच पाणी नितळ दिसते. परंतु त्यातून सुटणारी काही ॲरोमॅटिक अमाइन्स मूळ रंगाहून अधिक घातक असतात. त्यांपैकी बेंझिडीन हे तर सिद्ध कर्करोगकारक आहे. अशी अमाइन्स सोडणाऱ्या अनेक रंगांवर भारतात १९९७ मध्ये बंदी घालण्यात आली. म्हणूनच रंग गेल्यानंतर पाण्यात हवा खेळवून दुसऱ्या टप्प्यात अमाइन्सचे विघटन करावे लागते. शिवाय गडद पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नसल्याने टाक्या उथळ व विस्तीर्ण लागतात, आणि दाट वस्तीच्या शहरात एवढी जागा मिळणे कठीण असते.