बारमाही कोणाला म्हणावे?

भोरजवळ वेळवंडी नदीवर 1920 च्या दशकात लॉइड धरण बांधले गेले, तेव्हा भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-इंदापूरकडे गेले, तिकडे ऊस वाढला. भोर-वेल्ह्याच्या उतारांवर मात्र भातखाचरे आणि नाचणी-वरईची वरकस जमीनच राहिली. पाटबंधारे खात्याच्या लेखी ऊस 'बारमाही'. वर्षभर पाणी पितो तो बारमाही, असा हा पाण्याच्या बाजूने घडलेला अर्थ आहे.

2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाने हाच ऊस 0114 या अंकाखाली, बहुवार्षिक नसलेल्या पिकांत, भाताच्या (0112) पंगतीला बसवला. तेथे मोजले जाते ते झाडाचे आयुष्य: दोन हंगामांपलीकडे टिकते ते बहुवार्षिक. म्हणून आंबा 0122 मध्ये. (खोडव्याचे काय, हे कोणत्याही ऊसकऱ्याने विचारले असते!)

मला अधिक अस्वस्थ करतो तो हिरडा. हिरडस मावळ या नावातच तो ऐकू येतो. लागवडीच्या झाडाचे फळ शेतीत मोडते. रानातून वेचलेले 0230 मध्ये, म्हणजे वनोपजांत. पण वरकस जमिनीतला हिरडा कोणी लावलेला नसतो आणि तरीही तो पिढ्यानपिढ्या राखलेला असतो. भात लावताना शेतकरी असलेला माणूस त्याच जमिनीत हिरडा वेचू लागला, की वर्गीकरणाच्या लेखी शेतीबाहेर जातो.