प्रायमरी कलर्स

अमेरिकी पत्रकार जो क्लाइन यांची राजकीय कादंबरी. जानेवारी १९९६ मध्ये रँडम हाउसने ती बाजारात आणली तेव्हा मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाच्या जागी फक्त ‘अनामिक’ एवढा शब्द होता. बिल क्लिंटन यांच्या १९९२ च्या अध्यक्षीय उमेदवारीवर ती बेतलेली असून ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत ती नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. लेखक कोण, या प्रश्नाने अमेरिकी वृत्तपत्रसृष्टी सहा महिने झपाटली होती. उत्तर मिळाले तेव्हा लेखकापेक्षा पत्रकारितेचीच अब्रू जास्त गेली.

कथानक : दक्षिणेतल्या एका राज्याचा गव्हर्नर जॅक स्टँटन डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभा राहतो. गोष्ट सांगतो त्याचा तरुण कृष्णवर्णीय सहायक हेन्री बर्टन. सुरुवात हार्लेममधल्या प्रौढ साक्षरता वर्गात होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या एका माणसाची हकीकत ऐकून स्टँटनच्या डोळ्यांना धारा लागतात. स्टँटन समोरच्याशी हात मिळवतो कसा, दुसरा हात कोपरावर ठेवतो की दंडावर, आणि त्यातून जवळीक किती दाखवायची ते कसे ठरवतो, याचे वर्णन हेन्री बारकाईने करतो. राजकारणी माणसाचा स्पर्श इतका जवळून पाहणारी पाने राजकीय कादंबऱ्यांत फार सापडत नाहीत. ते अश्रू खरे होते की मतांसाठीचे, याचा निकाल कादंबरी शेवटपर्यंत देत नाही आणि तिची ताकद नेमकी तिथेच आहे.

पुढे स्टँटनचे बायकोच्या केशरचनाकार बाईबरोबरचे प्रकरण बाहेर येते, न्यू हॅम्पशरची प्राथमिक निवडणूक होते. अखेर प्रतिस्पर्धी फ्रेड पिकर याच्या भूतकाळातली लक्तरे हाती लागतात. ती वापरायची की नाही, अशी कसोटी लिबी होल्डन ही जुनी सहकारी स्टँटन पतिपत्नींना लावते. ते कसोटीला उतरत नाहीत आणि लिबी आत्महत्या करते. हेन्री काम सोडतो की राहतो, हे वाचकाने ठरवायचे.

खरे आणि रचलेले : स्टँटन म्हणजे क्लिंटन आणि त्याची पत्नी सुझन म्हणजे हिलरी, हे कोणाला सांगावे लागले नाही. रिचर्ड जेमन्समध्ये प्रचाररणनीतिकार जेम्स कार्व्हिल दिसतो, न्यूयॉर्कचा गव्हर्नर ऑर्लँडो ओझिओ म्हणजे मारिओ क्युओमो, आणि लिबीमागे आर्कान्सॉमधल्या क्लिंटन यांच्या जुन्या सहकारी बेट्सी राइट आहेत. हेन्रीचे काम जॉर्ज स्टेफनॉपुलस यांचे असले तरी त्याचा वर्ण आणि घराणे लेखकाने बदलले आहे. १९९२ च्या जानेवारीत क्लिंटन यांच्या विवाहबाह्य संबंधांचे जेनिफर फ्लॉवर्स प्रकरण फुटले आणि क्लिंटन दांपत्य ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात बसून त्याला सामोरे गेले. हे प्रसंग वाचकांच्या आठवणीत ताजे होते. म्हणूनच पूर्ण कल्पित भागही, उदाहरणार्थ अल्पवयीन मुलीच्या गरोदरपणाचा धागा, आतल्या गोटातली माहिती म्हणून वाचला गेला. या प्रकारच्या लेखनाचा जुना दोष हाच : लेखक ‘हे कल्पित आहे’ म्हणून नामानिराळा राहतो आणि शिंतोडे मात्र खऱ्या माणसावर उडतात. लेखकाचे नावच नसले की त्याला जाब विचारण्याची सोयही राहत नाही.

हार्लेममधल्या वर्गाशी मिळत्याजुळत्या एका साक्षरता उपक्रमाच्या प्रमुख असलेल्या ग्रंथपाल बाईंनी, आपल्यावरच एक पात्र बेतून बदनामी केली, असा दावा पुढे लावला. न्यायालयाने तो फेटाळला.

लेखकाचा शोध : हस्तलिखिताचा व्यवहार एजंट कॅथी रॉबिन्स यांच्यामार्फत झाला. रँडम हाउसचे प्रमुख त्या वेळी लंडनच्या ‘संडे टाइम्स’चे माजी संपादक हॅरल्ड इव्हान्स होते. बातमी कशाची होते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार! कादंबरीकार लिसा ग्रुनवाल्ड, व्यंगलेखक ख्रिस्तोफर बकली अशी नावे घेतली जाऊ लागली. वॉशिंग्टनमध्ये पुस्तक वाचण्याइतकाच वेळ नावे सुचवण्यात जात होता. क्लिंटन यांचे माजी भाषणलेखक डेव्हिड कुसनेट यांनी ‘बॉल्टिमोर सन’मध्ये क्लाइन यांच्याकडे बोट दाखवले. क्लाइन तेव्हा ‘न्यूजवीक’चे स्तंभलेखक आणि सीबीएसचे भाष्यकार होते, आणि १९९२ ची निवडणूक त्यांनी जवळून पाहिली होती.

फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकाने व्हॅसर कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक डॉनल्ड फॉस्टर यांना कामाला लावले. शेक्सपिअरच्या नावावर एक शोकगीत जमा केल्यामुळे ते नुकतेच गाजले होते. त्यांनी संशयितांचे लेखन आणि कादंबरी संगणकावर ताडून पाहिली. ‘गूफिली’, ‘स्केअरिली’, ‘स्पॉटिली’ अशी सहसा न भेटणारी क्रियाविशेषणे क्लाइन यांचे लेखन आणि कादंबरी, दोन्हीकडे सापडली. वंशविषयक प्रश्नांकडे पाहण्याची दृष्टीही जुळली. फॉस्टर यांनी क्लाइन यांचे नाव घेतले. क्लाइन यांनी तावातावाने इन्कार केला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या प्रतिनिधीने पत्रकार म्हणून असलेली विश्वासार्हता पणाला लावणार का, असे विचारले, तेव्हा त्यांनी ‘हो’ म्हटले. गंमत अशी की शोकगीताबाबतचे आपले मत फॉस्टर यांना २००२ मध्ये मागे घ्यावे लागले. कादंबरीबाबतचे मात्र पक्के ठरले.

शेवटी शैलीने नव्हे, हस्ताक्षराने घात केला. दुरुस्त्या केलेली टंकलिखित प्रत ‘पोस्ट’च्या हाती लागली आणि तज्ज्ञाने त्यातले अक्षर क्लाइन यांचेच असल्याचा निर्वाळा दिला. १७ जुलै १९९६ रोजी क्लाइन यांनी पत्रकार परिषदेत कबुली दिली.

माध्यमांची भूमिका : या प्रकरणाचे खरे मर्म इथे आहे. टोपणनावाने लिहिणे हा गुन्हा नाही, आणि पत्रकार सूत्रांच्या संरक्षणासाठी खोटे बोलतात तसेच आपण इन्कार करताना बोललो, असा क्लाइन यांचा बचाव होता. तो लंगडा आहे. सूत्र वाचवणारा पत्रकार दुसऱ्याचे रक्षण करतो. इथे वाचवायचे होते ते स्वतःचे गुपित, आणि गुपित टिकले तितके दिवस पुस्तकाचा खप वाढत होता. अधिक गंभीर गोष्ट ‘न्यूजवीक’ची. संपादक मेनार्ड पार्कर यांना लेखक ठाऊक होता, तरी साप्ताहिकात इतरांकडे संशय वळवणारा मजकूर छापला गेला. म्हणजे वाचकाला सांगायची बातमी संपादकाच्या खिशात होती आणि पानावर हूल होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात कोरडे ओढले. क्लाइन यांचे सीबीएसमधले काम सुटले. ‘न्यूजवीक’ सोडून ते ‘न्यूयॉर्कर’मध्ये गेले. एवढ्यावर प्रकरण मिटले, हे त्या व्यवसायाच्या स्मरणशक्तीविषयी पुरेसे बोलते.

चित्रपट : माइक निकल्स यांनी हक्क दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला घेतले. पटकथा एलेन मे यांची, भूमिका जॉन ट्रॅव्होल्टा आणि एमा थॉम्प्सन यांच्या. मार्च १९९८ मध्ये चित्रपट आला तेव्हा मोनिका लुइन्स्की प्रकरण दोन महिन्यांपूर्वीच फुटलेले होते आणि पडद्यापेक्षा बातम्या रंगतदार झाल्या होत्या. लिबीच्या भूमिकेसाठी कॅथी बेट्स यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

आधीचे आणि नंतरचे : अमेरिकेत ही वाट जुनी आहे. हेन्री अ‍ॅडम्स यांची ‘डेमॉक्रसी’ १८८० मध्ये निनावीच निघाली. तिच्यातल्या सिनेटर रॅटक्लिफमध्ये लोकांनी जेम्स ब्लेन यांना ओळखले, पण अ‍ॅडम्स यांनी १९१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत लेखकपद जाहीरपणे स्वीकारले नाही. तेव्हा गुपित जन्मभर टिकले, १९९६ मध्ये ते सहा महिने टिकले. क्लाइन यांनी २००० मध्ये ‘द रनिंग मेट’ ही पुढची कादंबरी स्वतःच्या नावाने काढली. तिला पहिलीसारखे यश आले नाही. २०११ मध्ये सायमन अँड शुस्टरने बराक ओबामा यांच्यावरची ‘ओ’ ही कादंबरी निनावी काढली आणि ‘लेखक तुम्ही का’ असे कोणी विचारल्यास उत्तर देऊ नका, अशी विनंती पत्रकारांना आधीच पाठवली. काही दिवसांतच जॉन मॅकेन यांचे माजी सहायक मार्क सॉल्टर यांचे नाव छापून आले.